श्रद्धा कुणाचे हात बांधते? ख्रिस्ती प्रशिक्षक आणि चारित्र्याचा प्रश्न

प्रशिक्षकाला पोरांवर मिळते तेवढी सत्ता फार थोड्या माणसांना मिळते. संघात कोण आणि बाकावर कोण, कोणाला आणखी एक संधी आणि कोणाला नारळ, हे तो ठरवतो. पोर दमलेले असते, घाबरलेले असते, आणि शाबासकी त्याला नेमकी याच माणसाकडून हवी असते. अशा वेळी प्रशिक्षकाचा शब्द आईबापांच्या शब्दाच्याही वर बसतो. म्हणून प्रशिक्षक धार्मिक असला की त्याची श्रद्धा त्याच्यापुरती राहत नाही. ती पोरांना बळ देते की त्यांच्यावर दडपण आणते, हे विचारावेच लागते.

हा प्रश्न कोणत्याही धर्माच्या प्रशिक्षकाला विचारता येईल. पण ख्रिस्ती परंपरेत त्याचा इतिहास लांबलचक आणि उघड आहे. तिथे या कल्पनेतून संस्था उभ्या राहिल्या, नवे खेळ जन्मले, आणि शेवटी वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. भाविक मंडळी आदर्श प्रशिक्षकांची यादी पुढे करतात, संशयी मंडळी भानगडींची. दोन्ही याद्या खऱ्या आहेत. त्या शेजारी ठेवून वाचल्या की एक फरक वारंवार दिसतो. श्रद्धेने जिथे प्रशिक्षकाचे स्वतःचे हात बांधले, तिथे इतरांना स्फूर्ती मिळाली. जिथे तिने खेळाडूंचे हात बांधले, किंवा कोणाचेच बांधले नाहीत, तिथे दडपण तरी आले नाहीतर नुसता देखावा उरला.

व्यायामशाळेत शिरलेला धर्म

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंड-अमेरिकेतल्या अनेक धर्मनिष्ठांना खेळ म्हणजे वेळेची नासाडी वाटत असे. हे मत पालटण्यात टॉमस ह्यूज यांच्या 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' या १८५७ च्या कादंबरीचा मोठा हात होता. गंमत अशी, की ती ज्या रग्बी स्कूलवर बेतली होती तिथले मुख्याध्यापक टॉमस अर्नल्ड यांना खेळांत फारसा रस नव्हता. पण त्यांच्या नावावर 'मस्क्युलर ख्रिश्चॅनिटी' हा पंथ फोफावला. शरीर कमवणे हेही ईश्वराचे काम, मैदान ही चारित्र्याची शाळा, हा त्याचा गाभा. समर्थांची बलोपासना ठाऊक असलेल्या मराठी माणसाला हा विचार परका वाटू नये.

या विचाराला संस्थेचे रूप दिले वायएमसीएने. १८४४ साली लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स यांनी दुकानांत राबणाऱ्या तरुणांसाठी काढलेल्या या संघटनेने अमेरिकेत व्यायामशाळा उभारल्या आणि मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला प्रशिक्षक घडवणारी शाळा चालवली. तिथले ल्यूथर गलिक यांनी शरीर, मन आणि आत्मा असा त्रिकोण वायएमसीएचे चिन्ह म्हणून रूढ केला. १८९१ च्या हिवाळ्यात त्यांनी जेम्स नेस्मिथ या तरुण शिक्षकाला एक काम सोपवले: छताखाली खेळता येईल असा खेळ शोधून काढ.

नेस्मिथ कॅनडाचा, मॉन्ट्रियलला धर्मशास्त्र शिकलेला. व्यासपीठावरून जे साधायचे तेच मैदानावरूनही साधेल, अशी त्याची धारणा होती. त्याने लिहिलेल्या तेरा नियमांत ही धारणा दिसते. चेंडू घेऊन धावायचे नाही, खांद्याने रेटायचे नाही, धरायचे नाही, पाडायचे नाही. लक्ष्यही डोक्याच्या वर टांगलेली पीचची टोपली, म्हणजे जोर काढून काही उपयोग नाही, नेम हवा. बास्केटबॉलच्या नियमांतच त्याने धसमुसळेपणाला जागा ठेवली नाही. वर्गापुढे उपदेश करण्याची त्याला गरज पडली नाही.

पुढे १८९८ मध्ये नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठात गेला. तिथे प्रशिक्षक म्हणून त्याच्या खात्यावर ५५ विजय आणि ६० पराभव आहेत. खेळ ज्याने शोधला, त्याच्याच नावावर त्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकांत जिंकण्यापेक्षा हरण्याचा आकडा मोठा आहे. पण त्याचे मोल या आकड्यात शोधणे चूक. १९३० च्या दशकात जॉन मॅक्लेंडन हा कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅन्ससला आला. वर्णभेदामुळे विद्यापीठाच्या संघात त्याला प्रवेश नव्हता. म्हाताऱ्या नेस्मिथने त्याला आपल्या पंखाखाली घेतले आणि प्रशिक्षणाची विद्या दिली. याच मॅक्लेंडनने १२ मार्च १९४४ या रविवारी सकाळी नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम गावात कायदा मोडून एक गुप्त सामना घडवला. त्याच्या कृष्णवर्णीय कॉलेजचा संघ एका बाजूला, ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेचे गोरे खेळाडू दुसऱ्या बाजूला. मॅक्लेंडनची पोरे ८८-४४ अशी जिंकली, आणि मग दोन्ही संघ मिसळून पुन्हा खेळले. हा मुहूर्त निवडण्याचे कारण साधे होते: त्या वेळी गाव चर्चमध्ये असते. ख्रिस्ती समाजातला भेद ओलांडण्यासाठी एका ख्रिस्ती शिक्षकाच्या शिष्याने प्रार्थनेचीच वेळ साधली.

श्रीनगर, मद्रास, नागपाडा

भारतात हा विचार साम्राज्याच्या पाठबळाने आला, आणि त्याची करडी बाजूही सोबत आली. केंब्रिजच्या नौकेचे सुकाणू धरलेला सेसिल टिंडेल-बिस्को १८९० मध्ये श्रीनगरच्या मिशन शाळेत दाखल झाला. पुढच्या वर्षी त्याने फुटबॉल आणला. विद्यार्थी बहुतेक पंडितांची मुले, चेंडू चामड्याचा. त्यांनी पाय लावायला नकार दिला. बिस्कोने मैदानाभोवती काठ्या घेतलेले शिक्षक उभे केले आणि सामना सुरू करवला. चेंडू तोंडावर आदळून बाटलेल्या एका मुलाला त्याने कालव्यावर तोंड धुऊन परत खेळायला पाठवले. काश्मिरी मुलांविषयी त्याने जे लिहिले त्यात तुच्छता उघड आहे.

तरी गोष्ट इथे संपत नाही. त्याच शाळेची मुले पुढे पुरात लोकांना वाचवू लागली, आगी विझवू लागली, कॉलऱ्याच्या साथीत कामाला धावली. बाप्तिस्मा मात्र फार थोड्यांनी घेतला. सेवेची सवय लागली आणि धर्म आपापला राहिला. हे फळ काठीमुळे आले की गुरू स्वतः पाण्यात उडी घेत असे त्यामुळे, याचे उत्तर वाचकाने द्यावे. माझा कौल दुसऱ्या कारणाला आहे. काठीने फार तर चेंडूला पाय लागतो, बुडणाऱ्याला हात देण्याची बुद्धी त्यातून येत नाही.

मद्रासमधली वाट शांत होती. स्प्रिंगफील्डच्या परंपरेतले हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये तिथे वायएमसीएची शारीरिक शिक्षणाची शाळा काढली. देशभरातल्या शाळांना पीटीचे मास्तर पुरवणारी ती पहिली मोठी संस्था. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय पथकासोबत बक होते. त्याआधी पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर धावपटू पाहून दोराबजी टाटांनी ऑलिंपिकचे स्वप्न पाहिले होते. १९२७ मध्ये इंडियन ऑलिंपिक असोसिएशन उभी राहिली तेव्हा अध्यक्ष टाटा आणि सचिव वायएमसीएचे डॉ. नोरेन होते. पारशी उद्योगपती आणि ख्रिस्ती व्यायामशिक्षक यांच्या जोडीने बहुसंख्य हिंदू-मुसलमान खेळाडूंसाठी घर बांधले.

मुंबईकरांना याहून जवळचे उदाहरण नागपाड्याचे. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात तिथे नेबरहुड हाउस सुरू केले. हेच मॅनशार्ट पुढे १९३६ मध्ये निघालेल्या टाटांच्या समाजकार्य शाळेचे, म्हणजे आजच्या टिसचे, पहिले संचालक झाले. नेबरहुड हाउस आणि शेजारचे वायएमसीएचे मैदान यांतून त्या दाट मुसलमान वस्तीला बास्केटबॉलचे वेड लागले. भारताचे कर्णधार आणि अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुंतसिर तिथलेच. गल्लीतल्या पोरांना घडवणारे बच्चू खान तिथलेच, आणि त्यांच्या नावाचे मैदान आजही तिथे आहे. मिशनऱ्यांनी लावलेले रोप एका मुसलमान उस्तादाने वाढवले. मिशनला ते आपल्याच अंगणात राखायचे असते तर नागपाडा घडला नसता.

मोजे कसे घालावेत

विसाव्या शतकात 'ख्रिस्ती प्रशिक्षक' म्हटले की अमेरिकेत पहिले नाव निघते जॉन वुडन यांचे. इंडियानाच्या शेतावर वाढलेला हा माणूस १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात बास्केटबॉलचा प्रशिक्षक म्हणून आला. पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळायला १९६४ साल उजाडले. मग १९७५ पर्यंतच्या बारा वर्षांत दहा विजेतेपदे आणि सलग ८८ सामने अजिंक्य. खिशात छोटा धातूचा क्रूस असे. तो दाखवण्यासाठी नव्हता. सामन्यात डोके तापले की मुठीत धरायचा.

वुडन काय शिकवत, याचे दंतकथेपलीकडचे पुरावे आहेत. हंगामाच्या पहिल्या दिवशी ते देशातल्या नामांकित खेळाडूंना मोजे कसे घालावेत हे दाखवत. सुरकुती राहिली तर फोड येतो, फोड आला तर सराव बुडतो. १९७४-७५ च्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प या मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या सरावांत बसून २,३२६ शिकवण्याच्या कृती नोंदवल्या. त्यांतल्या सुमारे पाऊणशे टक्के निव्वळ माहितीच्या होत्या: काय करायचे, कसे करायचे. स्तुती सुमारे सात टक्के, नाराजी तेवढीच. प्रवचन जवळपास नव्हतेच. लोकांना चारित्र्यघडण वाटले ते रोजच्या सरावात बारीकसारीक गोष्ट नीट करण्याच्या आग्रहातून आले होते.

त्या आग्रहामागचा कणा एका जुन्या प्रसंगात दिसतो. १९४७ मध्ये वुडन इंडियाना स्टेटचे प्रशिक्षक होते. राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण आले, पण कृष्णवर्णीय खेळाडूंना तिथे मज्जाव होता. संघात क्लॅरन्स वॉकर नावाचा एक राखीव खेळाडू कृष्णवर्णीय होता. वुडननी निमंत्रण परत केले. पुढच्या वर्षी बंदी उठली, संघ गेला, आणि वॉकर अशा स्पर्धेत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला. तो स्टार खेळाडू नव्हता. त्याच्यावाचून संघाचे अडले नसते. म्हणूनच त्या नकाराला वजन आहे.

यूसीएलएत त्यांचा सर्वांत मोठा शिष्य ल्यू अल्सिंडर. विद्यार्थिदशेतच तो इस्लामकडे वळला आणि पुढे करीम अब्दुल-जब्बार झाला. गुरुशिष्यांचे नाते तुटले नाही. ते वुडन यांच्या २०१० मधल्या मृत्यूपर्यंत, पन्नासेक वर्षे टिकले, आणि २०१७ मध्ये जब्बार यांनी त्यावर अख्खे पुस्तक लिहिले. गुरूचा धर्म न घेता शिष्य गुरूचे गुण घेऊ शकतो, आणि गुरूला त्याचे काही वाटत नाही, याचा याहून ठसठशीत दाखला सापडणार नाही.

वुडनही देव नव्हते. सॅम गिल्बर्ट नावाचा एक धनिक बांधकाम व्यावसायिक यूसीएलएच्या खेळाडूंवर मेहेरबान असे. वुडन निवृत्त झाल्यानंतर १९८१ मध्ये विद्यापीठावर याच माणसावरून कारवाई झाली. कारवाई त्यांच्या काळातल्या कृत्यांवर नव्हती, पण त्यांनी पाहायला हवे होते ते पाहिले नाही, ही टीका अजून होते आणि ती रास्त आहे. मोज्याच्या सुरकुतीवर नजर ठेवणाऱ्याला खेळाडूच्या अंगावरचा नवा कोट दिसू नये, हे पटत नाही.

गाजावाजा न करणारे

नेस्मिथची दुसरी शिष्यशाखा फॉग ॲलन यांच्याकडून डीन स्मिथ यांच्यापर्यंत पोहोचते. स्मिथ यांचे वडील कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावी प्रशिक्षक होते. १९३४ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय मुलाला संघात घेऊन राज्य विजेतेपद जिंकले होते. बाप्टिस्ट घरात वाढलेले डीन स्मिथ नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात नवे होते, तेव्हा आपल्या पाळकासोबत आणि एका कृष्णवर्णीय धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यासोबत ते गावातल्या गोऱ्यांसाठी राखीव हॉटेलात जेवायला जाऊन बसले. हॉटेलने वाढले. कित्येक वर्षांनी पाळकाकडून ही हकिकत एका क्रीडापत्रकाराला कळली, तेव्हा स्मिथ पाळकावर नाराज झाले. योग्य ते केल्याचा टेंभा कशाला मिरवायचा, असे त्यांचे म्हणणे.

१९६१ ते १९९७ या काळात त्यांनी ८७९ सामने जिंकले, दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, आणि विद्यापीठाच्या गणवेशात पहिला कृष्णवर्णीय शिष्यवृत्तीधारक खेळाडू, चार्ली स्कॉट, उतरवला. फाशीच्या शिक्षेला त्यांचा उघड विरोध होता, आणि ते खेळाडूंना तुरुंगात कैद्यांना भेटायला नेत. २०१५ मध्ये ते वारले. मृत्युपत्रानुसार त्यांच्या हाताखाली खेळलेल्या सुमारे १८० जणांना प्रत्येकी २०० डॉलरचा धनादेश पोचला: बाहेर छान जेवून या. त्यात जगप्रसिद्ध होते तसे कोणाला नावही आठवणार नाही असेही होते. रक्कम सर्वांना सारखी.

एरिक लिडेल हा स्कॉटिश धावपटू रविवार पाळण्यासाठी १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची शर्यत सोडून गेला आणि चारशे मीटरमध्ये सुवर्ण जिंकला, हे 'चॅरियट्स ऑफ फायर' या चित्रपटाने घरोघरी पोचवले. त्यानंतरची वीस वर्षे कमी ठाऊक आहेत. तो चीनमध्ये शिक्षक आणि मिशनरी म्हणून राबला. १९४३ मध्ये जपान्यांनी त्याला वेइशिएनच्या छावणीत डांबले. तिथे आईवडिलांपासून ताटातूट झालेली मुले होती. त्यांच्यासाठी तो खेळ भरवी. रविवारी मात्र नाही. एका रविवारी मुलांनी आपणहून हॉकी खेळून मारामारी केली. पुढच्या रविवारी लिडेल स्वतः पंच म्हणून मैदानात उतरला. सुवर्णपदकाच्या आशेनेही जो नियम त्याने मोडला नव्हता, तो छावणीतल्या पोरांसाठी मोडला. फेब्रुवारी १९४५ मध्ये मेंदूतल्या गाठीने तो छावणीतच गेला. त्या मुलांच्या आठवणींत पॅरिसपेक्षा ही हॉकी मोठी आहे.

आजच्या काळातले नाव हवे तर केनियातल्या इटेन गावी जावे. आयर्लंडचे ब्रदर कोम ओकॉनेल हे पॅट्रिशियन बंधुसंघाचे सदस्य १९७६ मध्ये तिथल्या सेंट पॅट्रिक्स शाळेत भूगोल शिकवायला आले. धावण्याच्या प्रशिक्षणाचा त्यांना गंध नव्हता. मुलांचे पाय पाहत, त्यांनाच विचारत ते शिकले. १९८८ मध्ये त्यांचा विद्यार्थी पीटर रोनो पंधराशे मीटरचा ऑलिंपिक विजेता झाला. १९८९ पासून त्यांनी मुलींनाही शिबिरांत घेतले, त्या काळी तिथे मुलीने धावणे रूढ नव्हते. ९ ऑगस्ट २०१२ रोजी लंडनला डेव्हिड रुडिशाने आठशे मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला, तोही त्यांचाच. अकिंचनतेचे व्रत घेतलेल्या ब्रदरला शिष्याच्या बक्षिसातला वाटा नको असतो. पैसा, दलाल आणि उत्तेजके यांनी ग्रासलेल्या या धंद्यात खेळाडूला हे लगेच कळते की या माणसाला माझ्याकडून काही घ्यायचे नाही.

दुसरी यादी

आता दुसरी यादी. १९५४ मध्ये ओक्लाहोमाच्या डॉन मॅक्लॅनन यांनी 'फेलोशिप ऑफ ख्रिश्चन ॲथलिट्स' काढली. नामवंत खेळाडू दाढीचे ब्लेड खपवू शकतात, तर श्रद्धेची ग्वाही का देऊ नये, हा त्यामागचा विचार. संघटना प्रचंड वाढली. पण जाहिरातीची रीत घेतली की जाहिरातीचे दोषही येतात. १९७६ मध्ये पत्रकार फ्रँक डिफर्ड यांनी 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'मध्ये या चळवळीवर लेखमाला लिहून विचारले, की हे सारे लोक खेळातली लबाडी, वर्णभेद, पैशाचा बाजार यांवर गप्प का? प्रश्न आजही शिळा झालेला नाही.

बिल मॅकार्टनी कोलोरॅडो विद्यापीठाचे अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक. १९९० मध्ये त्यांनी ख्रिस्ती पुरुषांची 'प्रॉमिस कीपर्स' ही संघटना स्थापली. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला मिसुरीविरुद्ध पंचांची मोजणी चुकली, कोलोरॅडोला चारऐवजी पाच संधी मिळाल्या, आणि पाचव्या संधीवर ३३-३१ असा विजय. सामना सोडण्यास मॅकार्टनींनी नकार दिला, उलट मैदान निसरडे असल्याची तक्रार केली. त्या वर्षीच्या विजेतेपदात कोलोरॅडोचा वाटा होता. हेच त्याआधी ५० वर्षे, नोव्हेंबर १९४० मध्ये, कॉर्नेल विद्यापीठाच्या बाबतीत घडले होते. चित्रफितीत पाचवी संधी दिसताच कॉर्नेलने डार्टमथला तार केली आणि जिंकलेला सामना ०-३ ने गमावला, सलग १८ सामन्यांची अपराजित मालिकाही त्यासोबत. त्या निर्णयाचे कौतुक खिलाडूपणा म्हणून झाले, धर्म म्हणून नाही. मॅकार्टनींच्या बाजूचेही नोंदवले पाहिजे: १९९४ मध्ये, ऐन भरात, संसार सावरण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली, वर्णभेद मिटवणे हा आपल्या संघटनेचा आग्रह केला, आणि पुढे मिसुरीच्या भूमीवर त्या सामन्याबद्दल खेदही व्यक्त केला. माणूस खोटा नव्हता. पण श्रद्धेने हात बांधायची खरी वेळ होती तेव्हा ते मोकळे राहिले.

याहून काळी पाने आहेत. पेन स्टेट विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक जो पटर्नो हे कॅथलिक, ४०९ विजयांचे धनी, चारित्र्य आणि अभ्यास यांचा आदर्श म्हणून पुजले गेलेले. त्यांचा माजी साहाय्यक जेरी सँडस्की मुलांवर अत्याचार करत असल्याची कुणकुण त्यांना २००१ मध्ये लागली. त्यांनी वरिष्ठांना कळवले आणि तिथेच थांबले. २०११ मध्ये त्यांना काढण्यात आले. त्यांच्या दोषाचे माप किती, यावर कुटुंब आणि चौकशी समिती यांचे एकमत झाले नाही, पण आपण आणखी काही करायला हवे होते हे खुद्द पटर्नो म्हणाले. बेलर या मोठ्या बाप्टिस्ट विद्यापीठात लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी दडपल्या गेल्याचे उघड होऊन २०१६ मध्ये फुटबॉल प्रशिक्षकाला जावे लागले. चांगुलपणाचा लौकिक इतका मोठा होतो की त्याच्या सावलीत कोणी तपासायलाच जात नाही.

मैदानाच्या मध्यरेषेवर

प्रार्थनेचा प्रश्न न्यायालयात गेला तो वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनच्या सरकारी हायस्कूलमुळे. जोसेफ केनेडी हे साहाय्यक फुटबॉल प्रशिक्षक २००८ पासून सामना संपला की मैदानाच्या मध्यावर गुडघे टेकत. हळूहळू खेळाडू भोवती जमू लागले. २०१५ मध्ये शाळा मंडळाने हरकत घेतली, केनेडी मागे हटले नाहीत, त्यांना रजेवर पाठवले गेले. २७ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी केनेडींच्या बाजूने निकाल दिला. बहुमताच्या मते ती एका माणसाची खाजगी प्रार्थना होती. न्यायमूर्ती सोटोमायर यांनी विरोधी निकालपत्रात छायाचित्रेच जोडली: मध्यभागी प्रशिक्षक, भोवती गुडघे टेकलेली मुले. केनेडी २०२३ मध्ये एका सामन्यापुरते परतले आणि नोकरी सोडून गेले.

खटल्याच्या कागदपत्रांत एका पालकाची तक्रार आहे. त्याचा मुलगा नास्तिक होता. आपण सामील झालो नाही तर खेळायला कमी मिळेल, या भीतीने तोही त्या घोळक्यात जात असे. केनेडींनी त्याच्यावर सक्ती केली असे कोणी म्हटलेले नाही. सक्तीची गरजच नसते. ज्याच्या हातात संघाची यादी असते, त्याचे गुडघे टेकणेही पोराला हुकमासारखे ऐकू येते. प्रशिक्षकाचा प्रार्थनेचा हक्क मी मानतो, पण सत्ता हातात असताना तो हक्क जरा आडोशाला बजावावा, असेच माझे मत आहे. डोंगरावरील प्रवचनात येशूनेही चव्हाट्यावरच्या प्रार्थनेपेक्षा दार लावून केलेली प्रार्थना बरी मानली होती.

आपल्याकडे संविधानाचे अठ्ठाविसावे कलम या बाबतीत स्पष्ट आहे. पूर्णपणे सरकारी पैशाने चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत धार्मिक उपासनेला हजर राहणे ऐच्छिक, आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती हवी. मिशन शाळांत शिकलेल्या कित्येक पिढ्यांना मैदानावर चांगले फादर आणि ब्रदर भेटले, तेही याच चौकटीत.

हिशेब

चारित्र्य खेळातून आपोआप घडते, ही समजूत टिकत नाही. ब्रूस ओगिल्वी आणि टॉमस टुटको या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्येच हजारो खेळाडूंच्या चाचण्यांवरून लिहिले, की खेळाने चारित्र्य घडवल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. गुण असलेलेच टिकतात, आणि आपण श्रेय मैदानाला देतो. श्रद्धेच्या बाबतीतही तीच सावधगिरी हवी. सज्जन प्रशिक्षक ख्रिस्ती होता म्हणून सज्जन होता, की सज्जन होता म्हणून त्याची श्रद्धाही सुंदर दिसली, हे कोणत्याही आकडेवारीने सुटणारे कोडे नाही.

शिवाय एकाच ग्रंथातून दोन सज्जन दोन टोकांना पोहोचतात. टोनी डंजी हे २००७ मध्ये अमेरिकन फुटबॉलमधले सुपर बोल जिंकणारे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. आवाज न चढवता, शिवी न देता संघ चालवता येतो हे त्यांनी त्या कर्कश धंद्याला दाखवले. कुत्र्यांच्या झुंजींपायी तुरुंगात गेलेल्या मायकल व्हिक या खेळाडूला भेटायला ते तुरुंगात गेले. आणि याच डंजींनी समलिंगी विवाहाला जाहीर विरोध केला. डीन स्मिथ ज्या चर्चचे सदस्य होते, त्याने समलिंगी माणसाला धर्मसेवेचा परवाना दिला आणि त्यापायी १९९२ मध्ये सदर्न बाप्टिस्ट संघातून बाहेर जाणे पत्करले. डंजींच्या संघातल्या समलिंगी खेळाडूला त्यांच्या शांतपणातून किती धीर मिळाला असता, हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांनी टाळू नये.

मग श्रद्धेचे काम काय? या आढाव्यातून मला एवढे दिसते, की ती प्रशिक्षकाला नाही म्हणण्याचे बळ देऊ शकते: वुडनना स्पर्धेला, ओकॉनेलना पैशाला, स्मिथना प्रसिद्धीला, आणि लिडेलला तर स्वतःच्याच कडक नियमाला. ते बळ इतर धर्मांतून, किंवा कोणत्याच धर्माशिवायही येते. बच्चू खान आणि कॉर्नेल ही त्याची साक्ष. पण ज्यांना ते ख्रिस्ती श्रद्धेतून मिळाले, त्यांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. देखरेखीची जागा मात्र ते घेऊ शकत नाही. तक्रार ऐकणारी समिती, मुलांसोबत एकट्याने न राहण्याचा दंडक, पालकांचे उघडे डोळे, हे साधुपुरुषाच्या संघातही हवेतच. पेन स्टेटने एवढे तरी शिकवले.

मुलासाठी प्रशिक्षक निवडताना तो कोणाची प्रार्थना करतो हे विचारू नये. त्याच्या संघातल्या सर्वांत कमी खेळायला मिळणाऱ्या, आणि त्याच्या धर्माशी काही देणेघेणे नसलेल्या पोराला गाठावे, आणि सर कसे आहेत ते विचारावे. संघाचा तारा आणि सरांच्या देवाचा भक्त दोघेही सरांची स्तुतीच करतील. क्लॅरन्स वॉकरच्या जागी बसलेले पोर काय सांगते, त्यावर विसंबावे.